खर्जाचा हिशेब

चाळिशी उलटलेल्या माणसानं काही नवीन शिकायला घेतलं, की घरची माणसं त्याच्याकडे एका विशिष्ट नजरेनं पाहतात. ती नजर मी आधी फक्त आमच्या बँकेत पाहिली होती. जुन्या कर्जाचे तीन हप्ते थकवून नव्या कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या गृहस्थाकडे आमचे मॅनेजर असंच पाहतात. तोंडानं 'बसा' म्हणतात, पण डोळे 'कशाला आलात?' असं विचारत असतात. मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बेस गिटार घरी आणली, तेव्हा आमच्या हिनं 'बसा' एवढंसुद्धा म्हटलं नाही. तिनं गिटारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हिला दोन तारा कमी आहेत. दुकानदारानं फसवलंय तुम्हाला."

तिचं मोजणं बरोबर होतं. साध्या गिटारीला सहा तारा असतात, बेसला चार. मात्र या चार तारा अशा जाडजूड, की वेळप्रसंगी त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत घालता यावेत. आवाज साध्या गिटारीच्या एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली, तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. म्हणजे आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येतो. वजन साधारण चार किलो. गळ्यात अडकवून तासभर उभं राहिलं, की संगीताच्या आधी स्वतःच्या पाठीचा कणा बोलायला लागतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वाद्यांमधून हेच का निवडलं? मी ते निवडलेलं नाही. बदली जशी आपण निवडत नाही, तसंच हे. कॉलेजात असताना मी गिटार वाजवत असे. 'वाजवत असे' हा शब्द जरा मोठा झाला. मला तीन कॉर्ड्स येत होत्या आणि त्या तिन्हींत बसतील तेवढीच गाणी आवडत होती. पुढे बी. कॉम., बँकेची परीक्षा, नोकरी, लग्न आणि गृहकर्ज या क्रमानं आयुष्य पुढे सरकलं आणि गिटार माळ्यावर गेली. ती खाली आली ती बँकेच्या सांस्कृतिक मंडळानं कर्मचाऱ्यांचा वाद्यवृंद काढायचं ठरवलं तेव्हा. तालमीला गेलो तर गिटार घेऊन आधीच दोघं बसलेले. त्यांतले एक कर्जविभागाचे अधिकारी. त्यांच्या हातातून गिटार काढून घेण्याची हिंमत, गृहकर्ज चालू असलेल्या माणसात कुठून असणार? मग कुणीतरी म्हणालं, "बेसला कुणी नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढे मला कळलं, की बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीकडेही बेस असाच आला. १९६१ साली त्यांच्यातला बेस वाजवणारा गडी बाहेर पडला, आणि दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं. या माहितीनं मला बराच धीर आला. साम्य तिथंच संपतं, हेही सांगून टाकतो.

गाण्यात बेसचं काम काय, हे समजावून सांगणं कठीण आहे. ड्रम काळ सांगतो, कीबोर्ड सूर सांगतो. बेस या दोघांच्या मधे उभा राहून दोघांची सोयरीक जमवतो. आणि लग्न लागल्यावर मध्यस्थाला कोण विचारतो? आपल्या तानपुऱ्याच्या शेवटच्या, खर्जाच्या तारेची तऱ्हा थोडीफार हीच. ती वाजत असते तोवर कुणाचं लक्ष नसतं. थांबली की मैफिलीचं छप्पर उडाल्यासारखं वाटतं. मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण मी वीस वर्षं बँकेत तेच करतो आहे. संध्याकाळी हिशेब जुळला, तर शाखेतलं कुणीही येऊन 'वा, काय जुळवलात!' म्हणत नाही. दहा रुपयांचा फरक आला, की सगळी शाखा टेबलाभोवती गोळा होते.

या वाद्याची मला आणखी एक गोष्ट आवडते. ते घडवून घराघरांत पोचवणारा माणूस आमच्या जातकुळीतला होता. कॅलिफोर्नियातला लिओ फेंडर अकाउंटिंग शिकला होता आणि त्यानं हिशेबाच्याच नोकऱ्या केल्या. पुढे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून तो वाद्यांच्या कारखान्यापर्यंत गेला. १९५१ साली त्यानं 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी खर्जासाठी माणसाहून उंच असा डबल बेस उभा करून वाजवावा लागे. त्याला पडदे नसत. बोट कुठं टेकवायचं ते कानाच्या भरवशावर. फेंडरनं गळ्यावर सतारीसारखे पडदे बसवले, म्हणजे बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर चोख लागावा. म्हणून नाव 'प्रिसिजन'. खरा हिशेबनीस! आणि गंमत अशी, की स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. वाणिज्य शाखेनं कलेला काय दिलं, असं कुणी विचारलं की मी हे एकच नाव पुढे करतो आणि दुसरं विचारायच्या आत चहा मागवतो.

तर असा मी बेसवाला झालो आणि वर्षभरानं माझ्या हातून एक गुन्हा घडला. कायद्याच्या कुठल्याच कलमात तो बसत नाही, म्हणूनच त्याचा इतके दिवस विचार करावा लागला.

आमच्या शाखेच्या हेडकॅशियर बाई निवृत्तीला आल्या होत्या. हल्ली सगळीकडे 'मॅडम' म्हणायची पद्धत आहे, पण त्यांना सगळे बाईच म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. लग्नाआधी त्या गाणं शिकत होत्या. पुढे संसार, बदल्या, सासूबाईंचं आजारपण. गाणं राहिलं ते राहिलंच. वार्षिक स्नेहसंमेलनात गाण्याचा आग्रह दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी त्या 'पुढच्या वर्षी' म्हणायच्या. या खेपेला पुढचं वर्ष शिल्लक नव्हतं. त्या तयार झाल्या. एक जुनं भावगीत, काळी चारमध्ये.

माझ्याकडे काम साधं होतं. काळी चार म्हणजे जाड तारेवरचा चौथा पडदा. अंतरा संपला, की त्या पडद्यावर येऊन बसायचं, 'सा' धरून ठेवायचा. बाई श्वास घेणार आणि मुखडा उचलणार. तालमीत मी तसंच वाजवलं. पण त्याच सुमारास मी घरी बारा स्वरांची एक धावती जागा बसवली होती. ऐकणारा थक्क व्हावा अशी. रोज रात्री अर्धा तास मी तेवढीच वाजवत असे, कारण तेवढीच मला चांगली येत होती. याला मी रियाज म्हणत होतो. एकाच खात्यातून रोज शंभर रुपये काढून पुन्हा त्याच खात्यात भरणाऱ्याला उद्योगपती म्हणावं, त्यातलाच हा प्रकार.

स्टेजवर दिवे लागले, समोर सगळी बँक बसलेली, आणि अंतरा संपल्यावर बाईंनी श्वास घेतला त्या रिकाम्या जागेत मला काय झालं कोण जाणे. मी ती बारा स्वरांची माळ सोडली. फार सफाईनं गेली. वर जाऊन पंचमावर थांबली. पुढच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. आणि बाईंनी तो पंचमच 'सा' समजून मुखडा उचलला.

तो इतका वर गेला, की दुसऱ्या शब्दावर त्यांचा आवाज चिरकला. कीबोर्डवाला त्यांच्यामागून धावला. एक ओळ अशीच धडपडत गेली, मग बाई सावरल्या आणि गाणं शेवटाला नेलं. टाळ्या पडल्या. मागे आल्यावर दोघातिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "काय वाजवलंस रे!" म्हणून. बाई कोपऱ्यात गाण्याच्या कागदाची घडी घालत होत्या. माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "हात छान चालतो हो तुमचा. मला मात्र 'सा' सापडलाच नाही. सवय राहिली नाही ना. माझंच चुकलं असेल."

त्या टोमणा मारत असत्या तर बरं झालं असतं. पण त्या मनापासून बोलत होत्या. कॅश कमी भरली, की कॅशियर स्वतःच्या खिशातून पैसे भरतो. बाईंनी छत्तीस वर्षांच्या सवयीनं माझी तूट स्वतःच्या खिशातून भरली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नोंद उघडउघड चुकली होती. बाईंच्या खात्यातून रक्कम गेली होती आणि शिट्टी, थापा वगैरे माझ्या खात्यावर जमा झाल्या होत्या. बँकेत असं झालं तर उलट नोंद करता येते. गाऊन झालेल्या गाण्याची उलट नोंद कुठल्या वहीत करतात?

त्यातून दुसरा प्रश्न निघाला, आणि तो अजून अवघड होता. समजा, मी त्या दिवशी साधा 'सा' वाजवला असता. कुणाच्या लक्षात आलं असतं? कुणाच्याच नाही. मग जे बरोबर केलं तर कुणालाही कळणार नाही, ते उत्तम करण्यासाठी माणसानं रोज मान मोडून मेहनत का करावी? मी हा प्रश्न दोघांना विचारला. आमचा ड्रमवाला म्हणाला, "तेच तर! कुणाला कळतंय? लोड घेऊ नकोस." आमच्या एका निवृत्त काकांनी चष्मा पुसून मला गीतेतला फळाच्या आशेचा श्लोक ऐकवला आणि फळाकडे न पाहता कर्म करत राहण्याचा उपदेश केला. काका ज्ञानी आणि ड्रमवाला आळशी, तरी मला दोघांचं म्हणणं एकच वाटलं. दोघंही 'फळ नाही' असं गृहीत धरून बसले होते. एक म्हणत होता म्हणून करू नको; दुसरे म्हणत होते तरी कर.

मी वाणिज्य शाखेचा. मला गीतेतलं कळत नाही, पण दुहेरी नोंद कळते. एका खात्यावर नावे पडलं, की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर जमा पडतंच. नाहीतर ताळेबंद जुळत नाही. बेसवाल्याच्या कष्टाचं फळ नाहीसं होत नाही. ते गाणाऱ्याच्या खात्यावर जमा होतं. गाणाऱ्याला वाटतं, आज आवाज लागला. ऐकणाऱ्याला वाटतं, आज बाई छान गायल्या. दोन्ही खरंच असतं. मी माझ्या खात्यात पाहतो, तिथं शून्य दिसतं, आणि मी ओरडतो, 'फळ कुठं आहे?' अरे, पण वही उलटून समोरचं पान पाहा ना!

एवढं कळल्यावर रियाज बदलणं भाग होतं. आणि बदलायला घेतला तेव्हा कळलं, की साधं वाजवणं सोपं असतं हा माझा समजच खोटा होता. कारकुनानं आखलेलं वेळापत्रक, तेव्हा त्यात रकाने आले. रोज रात्री साडेनऊ ते दहा वाजून दहा मिनिटं. चाळीस मिनिटं, जास्त नाहीत. एका रविवारी चार तास वाजवायचं आणि पुढचे सहा दिवस बोटांना तेल लावायचं, हा प्रयोग मी आधीच करून चुकलो होतो. इथं रिकरिंग खात्याचं तत्त्व चालतं. हप्ता लहान, पण चुकवायचा नाही.

पहिली पाच मिनिटं एकच सूर. तारा सुरात लावायच्या आणि चौथ्या पडद्यावरचा तो 'सा' तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांनी आळीपाळीनं छेडायचा. दोन्ही बोटांचा आवाज सारखा यायला हवा. येत नाही. तर्जनी साहेबासारखी बोलते आणि मध्यमा प्रोबेशनवर असल्यासारखी. शिवाय सूर सुरू करणं जसं आपल्या हातात हवं, तसं थांबवणंही. आणि ज्या तारा वाजवायच्या नाहीत, त्या बोटांनी दाबून ठेवायच्या; नाहीतर एक तार छेडली, की बाकीच्या सहानुभूतीनं गुणगुणायला लागतात. बेस वाजवणं म्हणजे निम्मं काम एकीला बोलतं करण्याचं आणि निम्मं काम उरलेल्या तिघींना गप्प बसवण्याचं. ज्यांनी काउंटर सांभाळलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढची दहा मिनिटं मेट्रोनोमची. पूर्वी तो लाकडी डबीसारखा असे, हल्ली फोनमध्ये फुकट मिळतो. मला वाटत होतं, वेग कमी केला की काम सोपं. ते उलटं निघालं. मिनिटाला १२० ठोके असले, तर पुढचा ठोका हात धरून ओढत नेतो. ४० ठोक्यांवर आणा: दोन ठोक्यांच्या मधे दीड सेकंदाचं रान पसरतं आणि त्या रानात तुम्ही एकटे. माझी घाई, माझी धास्ती, कुणी टाळी वाजवेल का ही आशा, सगळी जनावरं त्या रानात भेटली.

याच दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. ते निवृत्त पोस्टमास्तर. खर्जाची तऱ्हा अशी, की हॉलमध्ये समोर बसलेल्याला तो धड ऐकू येत नाही, पण स्लॅबमधून खालच्या घरात बरोबर उतरतो. चौथ्या रात्री खालून काठीचे ठोके आले. मी घाबरून थांबलो. मग लक्षात आलं, की ठोके संतापाचे असले तरी माझ्यापेक्षा सम होते. दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाले, "वाजवा हो, पण पळता कशाला?" एवढी नेमकी समीक्षा मला पुन्हा मिळाली नाही. तरी मी हेडफोन विकत घेतला. शेजारधर्मही एक ताल आहेच.

तिसऱ्या दहा मिनिटांत कॉर्ड्स. प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर, त्याचा तिसरा आणि पाचवा, एवढ्याच घरांत फिरायचं. आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना आधीच्या मात्रेला शेजारच्या स्वरावर येऊन उभं राहायचं, म्हणजे नवी कॉर्ड आली तरी कुणाला धक्का बसत नाही. पाहुणे यायच्या आधी जिन्यातला दिवा लावून ठेवावा, तसं. पाहुण्यांना दिवा दिसत नाही, पायऱ्या दिसतात.

चौथी दहा मिनिटं कानाची. कुणाचा तरी चांगला बेस ऐकायचा, आधी तोंडानं गाऊन पाहायचा आणि मगच तारेवर शोधायचा. जे गाता येत नाही ते बोटांनी वाजवलं, तर ते न वाचता केलेल्या सहीसारखं होतं. आणि शेवटची पाच मिनिटं: एक अख्खं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही दागिना न घालता, चूक झाली तरी न थांबता. ते फोनवर रेकॉर्ड करायचं, पण ऐकायचं दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री ऐकलं, तर कान हातांची बाजू घेतात. एकाच डिपार्टमेंटचे ना! दुसऱ्या दिवशी ते ऑडिटरसारखे परके होऊन येतात. सापडलेली एक चूक, फक्त एक, वहीत लिहायची आणि रात्री तिथून सुरुवात करायची. जे चांगलं येतं, त्याला या चाळीस मिनिटांत प्रवेश नाही. ती बारा स्वरांची माळ मी बंद खात्यात टाकली.

त्या चौथ्या भागात मी जास्तीत जास्त ज्याला ऐकतो, तो अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. १९६०च्या दशकात तिथल्या मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांखाली याचा बेस आहे. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा. माझ्या वेळापत्रकाला तिथंच सुरुंग लागतो, पण असो. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्याचा बेस गाण्याखालून असा चालतो, की वरचं गाणं आपोआप चालत असल्यासारखं वाटतं. जगभर लोक त्यावर नाचले आणि त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, कारण तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावं छापायची पद्धतच त्या कंपनीत नव्हती. मार्विन गेची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही तबकडी १९७१ साली निघाली, तेव्हा तिथं पहिल्यांदा वादकांची नावं आली. १९८३ साली जेमरसन गेला. मोठे सन्मान झाले ते त्यानंतर. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तो गेला २००० साली.

हे वाचल्यावर माझा दुहेरी नोंदीचा सिद्धान्त जरा डगमगला. फळ दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं, हे म्हणायला मला काय जातं? मला महिन्याच्या शेवटी पगार मिळतो, आणि बेसचे मी पैसे घेत नाही. पण ज्याची रोजीरोटी तीच, त्याला 'फळाची आशा धरू नकोस' हे कुणी सांगायचं? फळाच्या पेट्या उचलून नेणाऱ्यानं? तेव्हा सिद्धान्ताला एक तळटीप जोडली आहे. श्रेय न मागणं हा वाजवणाऱ्याचा मोठेपणा असेल. पण श्रेय न देणं हा कुणाचाही मोठेपणा नव्हे. मी माझी रक्कम आनंदानं बाईंच्या खात्यावर वळती करीन. ती माझी सही असेल. दुसऱ्या कुणी माझी सही करू नये.

आणि हे लिहिताना लक्षात आलं, की त्या रात्री मी दुसरं काय केलं होतं? बाईंच्या चेकवर माझी सही!

बाईंच्या निवृत्तीचा दिवस उजाडला. महिनाअखेर, व्यवहार बंद झाल्यावर शाखेतच निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, मॅनेजरसाहेबांचं भाषण, बटाटेवडा. गाण्याचा आग्रह झाला तेव्हा बाई "नको हो, मागं झाली ती फजिती पुरे" म्हणाल्या. सगळे हसले. मी जवळ गेलो.

"बाई, एकदा म्हणा. मी वाजवतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठी रक्कम हातात आली की नोट उजेडात धरून पाहायच्या, तसं.

"साधं वाजवाल?"

"साधं," मी म्हणालो.

छोटा ॲम्प्लिफायर पासबुक छापायच्या मशीनशेजारी ठेवला. ड्रमच्या जागी टेबल होतं. तेच गाणं, तीच काळी चार. अंतरा संपला आणि ती रिकामी जागा आली. चार महिने रोज रात्री मी त्या जागेची तयारी केली होती. दीड सेकंदाच्या रानातून शंभर वेळा गेलो होतो. मी चौथ्या पडद्यावर आलो, तर्जनीनं 'सा' छेडला आणि धरून ठेवला. बाकीच्या तिघी गप्प होत्या. बाईंनी श्वास घेतला, डोळे मिटले आणि मुखडा उचलला. सरळ, जागच्या जागी, जणू छत्तीस वर्षं तो तिथंच ठेवलेला होता आणि त्यांनी फक्त कपाट उघडलं.

नंतर सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. "बाई, काय गायलात!" "बाई, आधी का नाही गायलात?" कॅशमधली एक मुलगी डोळे पुसत होती. मी वायर गुंडाळत होतो. माझ्याशी कुणी काही बोललं नाही. बाईसुद्धा नाही, त्यांना गर्दीतून बाहेर पडताच आलं नाही. वायर गुंडाळताना मी समोरचं पान पाहत होतो. रक्कम जमा झालेली स्पष्ट दिसत होती.

रात्री कुणीतरी त्या गाण्याचा व्हिडिओ शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मी घरातल्या सगळ्यांना मोठ्या उत्साहानं दाखवायला बसवलं. फोनचा स्पीकर नखाएवढा. खर्ज त्याच्या आवाक्यातला नव्हे. बाईंचा आवाज स्वच्छ येत होता, टेबल वाजत होतं, आणि मागच्या बाजूला मी गंभीर चेहऱ्यानं बोटं हलवत उभा होतो. आवाज नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसती ॲक्टिंग करताय?" ही म्हणाली, "तरी मी म्हटलं होतं, दोन तारा कमी आहेत."

सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. होता. खाली, अगदी खाली, पण होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत एक सूर केसभर उशिरा पडला आहे. कुणालाही कळलेलं नाही, बाईंनाही नाही. वहीत लिहून ठेवला आहे. उद्या साडेनऊला तिथूनच सुरुवात.